पार्श्वभूमी : शाळेत काय शिकवतात, हे पाहण्याचा अधिकार

मेळघाटातल्या किंवा सिरोंचा तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत एखाद्या पालकाने ‘माझ्या मुलीला यंदा काय शिकवणार, ते मला दाखवा’ असे म्हटले, तर त्यामागे कायद्याचे बळ किती आहे? शालेय अभ्याससाहित्य लोकांना खुले असावे, एवढ्याच विषयासाठी केलेला स्वतंत्र कायदा महाराष्ट्रात नाही. जो अधिकार आहे, तो वेगवेगळ्या काळी आणि वेगळ्याच हेतूंनी झालेल्या कायद्यांतून जुळून आलेला आहे. म्हणूनच छापून आलेले पुस्तक पाहणे आज सोपे आहे, पण ते ठरत असताना त्यात डोकावणे अवघड आहे.

या प्रश्नाचा एक जुना धागा विदर्भातच सापडतो. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिच्या ठरावांवरून डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगाभोवती, म्हणजे सूतकताईसारख्या हस्तव्यवसायाभोवती गुंफलेल्या सात वर्षांच्या शिक्षणाचा आराखडा तयार केला. समितीने केवळ तत्त्वे सांगून काम संपवले नाही, तर सविस्तर अभ्यासक्रमही छापून लोकांपुढे ठेवला. सूतकताईला इतके महत्त्व देणे कितपत योग्य, मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा रास्त आहे का, यावर देशभर जो वाद झाला, तो त्या छापील मजकुराच्या आधारे झाला. असे करण्याची सक्ती तेव्हा कोणत्याही कायद्याने केलेली नव्हती, हे विशेष. पुढे अनेक दशके सरकारी पातळीवर ही रीत टिकली, असे मात्र म्हणता येत नाही.

विदर्भ १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्यानंतरचा मोठा बदल म्हणजे २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात झालेली ‘बालभारती’ची, म्हणजे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाची स्थापना. राज्यभर एकच पुस्तक आले, त्याची किंमत आवाक्यात राहिली आणि नागपूर-अमरावतीच्या भांडारांमार्फत ते खेड्यांपर्यंत पोहोचू लागले. साहित्य खुले होण्याच्या दृष्टीने हे मोठेच पाऊल होते, कारण पुण्यातला मुलगा जे वाचतो तेच मेळघाटातल्या धारणीतला मुलगा वाचतो, हे कोणालाही पडताळून पाहता येऊ लागले. पण एखादा धडा का घेतला, दुसरा का गाळला, याची कागदपत्रे कार्यालयांच्या कपाटांतच राहिली. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू असलेल्या कारभारात ती कोणी मागेल, असे गृहीतही धरलेले नव्हते.

त्या कपाटाला किल्ली मिळाली ती माहितीच्या अधिकाराने. जाणून घेण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या राजनारायण खटल्यातच मान्य केला होता, तरी राज्याचा पुरेसा प्रभावी कायदा येण्यास अण्णा हजारे यांची आंदोलने व्हावी लागली. राज्याच्या त्या कायद्याची जागा १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायद्याने घेतली. त्यानुसार दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे, आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही शुल्क नाही. कागद प्रत्यक्ष पाहण्याचा, त्यांतून टिपणे घेण्याचा आणि प्रमाणित प्रती मिळवण्याचा हक्क त्यात आहे. विदर्भातल्या खेड्यांत माध्यमिक शिक्षणाचा बराच भार खासगी संस्थांच्या अनुदानित शाळांवर असल्यामुळे ‘शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणाऱ्या’ संस्थांना दिलेली कायद्याची व्याप्ती येथे फार महत्त्वाची ठरते. विनाअनुदानित शाळेकडे थेट अर्ज चालत नाही. मात्र शिक्षण विभाग तिच्याकडून दुसऱ्या कायद्याने जी माहिती मागवू शकतो, ती विभागामार्फत मिळू शकते.

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने दोन गोष्टी केल्या, आणि त्यांचा एकमेकींशी पुरता मेळ बसलेला नाही. कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि शाळेच्या कामावर लक्ष ठेवण्याचे काम तिच्याकडे सोपवले. कलम २९ ने मात्र अभ्यासक्रम ठरवण्याचे काम शासनाने नेमलेल्या शैक्षणिक प्राधिकरणाकडे ठेवले. गावाच्या समितीने अनुदानाचा हिशेब पाहायचा आणि पुस्तकात काय असावे ते राज्य पातळीवर ठरायचे, अशी ही विभागणी आहे.

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. तेथे पुस्तकांची निवड बऱ्याच अंशी स्थानिक शिक्षण मंडळांच्या हाती असते. त्यामुळे २००२ च्या संघीय शिक्षण कायद्याने पालकांच्या साहित्य-तपासणीच्या हक्काबाबत स्थानिक पातळीवर धोरण आखणे भाग पाडले, तर फ्लोरिडासारख्या राज्याने २०२२ मध्ये साहित्याची यादी संकेतस्थळावर ठेवण्याची सक्ती केली. आपल्याकडे पुस्तक लपलेले नाही. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात फुकट उतरवून घेता येतात, आणि गावात नेटवर्क नसेल तर तालुक्याच्या गावाहून ती मोबाइलमध्ये आणता येतात.

आपला खरा प्रश्न मसुद्याचा आहे. महत्त्वाची धोरणे आखताना संबंधित सर्व तथ्ये प्रसिद्ध करावीत, असे माहिती अधिकाराच्या कलम ४ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. तरीही पहिलीपासून हिंदीचा १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय लोकांपुढे आला तो निर्णय म्हणूनच. जूनमध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि अखेर २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेण्याची घोषणा झाली. त्याआधी मे २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा सूचनांसाठी संकेतस्थळावर ठेवला गेला, ही चांगलीच गोष्ट होती. पण ते दिवस उन्हाळी सुट्टीचे होते, आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात. त्याच कलम ४ मध्ये माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असेही म्हटले आहे. कोरकू, गोंडी, माडिया किंवा कोलामी बोलणाऱ्या पालकांच्या समितीपुढे तो मसुदा वाचून दाखवायचा, तर त्यासाठी आधी शाळा तरी उघडी असावी लागते.