जगातली सर्वांत उष्ण जागा कोणती? बदललेल्या उत्तरामागची पार्श्वभूमी

साताऱ्यातल्या अभ्यासिकांमध्ये सामान्य ज्ञानाचे ठोकळे एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जातात. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक अशा कुठल्याही परीक्षेची तयारी असली तरी पुस्तक तेच, फक्त समासातल्या पेन्सिलच्या खुणा वाढत जातात. जुन्या ठोकळ्यात ‘जगातील सर्वाधिक तापमान’ या ओळीसमोर लिबियातलं अल अझिझिया आणि ५८ अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. नव्या ठोकळ्यात त्याच ओळीसमोर कॅलिफोर्नियातली डेथ व्हॅली आणि ५६.७ अंश असतात. आता अझिझिया लिहिलं तर मार्क जातात. हा बदल छपाईच्या चुकीमुळे झालेला नाही. एक निर्णय झाला, म्हणून उत्तर बदललं.

अझिझिया हे त्रिपोलीच्या दक्षिणेचं गाव. १९२२ मध्ये तिथे इटलीचा अंमल होता आणि तापमानाची नोंद लष्करी ठाण्यावर व्हायची. १३ सप्टेंबर १९२२ ला तिथे ५८ अंशांची नोंद झाली. पुढची ९० वर्षं शाळेच्या भूगोलापासून प्रश्नमंजूषेपर्यंत हाच आकडा चालला. अभ्यासकांना शंका आधीपासून होत्या. समुद्रापासून फार लांब नसलेल्या गावात एवढं तापमान कसं चढलं? आसपासच्या केंद्रांवर त्या दिवशी तसं काहीच का दिसलं नाही? त्याच गावात नंतर पुन्हा त्याच्या जवळपासचा आकडा का आला नाही? पण मूळ नोंदवही समोर नसल्यामुळे शंका शंकाच राहिल्या.

२०१० नंतर आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या समितीने हे प्रकरण हातात घेतलं. लिबियाच्या हवामान खात्यातल्या एका अधिकाऱ्याने मूळ पान मिळवून दिलं. पुढच्या वर्षी तिथे क्रांती पेटली, त्यांचा संपर्क तुटला आणि ते हयात आहेत की नाही हेही कित्येक महिने कोणाला कळेना. ते सुखरूप परतले आणि काम पुढे सरकलं. एका आकड्याच्या खरेपणासाठी युद्धात सापडलेला माणूस परत येऊन अर्धवट राहिलेलं काम पुढे नेतो, हे ठोकळ्यातल्या एका ओळीत कसं मावणार?

त्या पानावर ११ सप्टेंबरपासून अक्षर बदललेलं दिसलं, म्हणजे नोंद घेणारा माणूस नवा होता. कमाल आणि किमान तापमानाचे आकडे चुकीच्या रकान्यांत पडले होते. उपकरणही नेहमीचं नव्हतं, जुन्या पद्धतीचा यू आकाराचा तापमापक होता. त्यात पारा वर चढताना एक बारीकसा दर्शक पुढे ढकलतो. पारा खाली आला तरी दर्शक तिथेच अडकून राहतो आणि त्याच्या खालच्या टोकाशी आकडा वाचायचा असतो. दर्शकाची लांबी साधारण ७ अंशांएवढी होती. वरचं टोक वाचलं की तापमान सरळ ७ अंशांनी वाढणार. त्यात भर म्हणजे केंद्राखालची जमीन वाळवंटी मातीची नव्हती, डांबरासारख्या थराची होती. सप्टेंबर २०१२ मध्ये, बरोबर ९० वर्षं पूर्ण होताना, नोंद रद्द झाली.

डेथ व्हॅलीला पहिला नंबर मिळाला तो असा. तिथली नोंद १० जुलै १९१३ ची आहे, म्हणजे अझिझियाच्याही आधीची. तिच्यावरही आज आक्षेप आहेत, कारण शेजारच्या केंद्रांशी ती नीट जुळत नाही. आधुनिक उपकरणांनी त्याच परिसरात ऑगस्ट २०२० आणि जुलै २०२१ मध्ये ५४.४ अंश नोंदवले. कुवेतमधल्या मित्रिबाहची २०१६ ची नोंद ५३.९ अंशांची आहे आणि ती तपासून मान्य झालेली आहे. उद्या १९१३ ची नोंदही रद्द झाली तर ठोकळा पुन्हा बदलावा लागेल. प्रश्न काढणाऱ्यांनी ‘अधिकृतपणे मान्य असलेलं’ एवढे शब्द घातले तरी उत्तरतालिकेवरच्या निम्म्या हरकती टळतील.

थंडीच्या बाबतीत उलटा प्रकार झाला. ग्रीनलंडमधल्या स्वयंचलित केंद्राने २२ डिसेंबर १९९१ ला उणे ६९.६ अंश नोंदवले होते. उत्तर गोलार्धातला नीचांक म्हणून ही नोंद मान्य झाली ती थेट २०२० मध्ये. तोपर्यंत तो मान सैबेरियातल्या वेर्खोयान्स्क आणि ओम्याकॉनकडे होता. त्याच वेर्खोयान्स्कमध्ये जून २०२० मध्ये ३८ अंश झाले, इतका उन्हाळा आपल्याकडे कराड-सांगलीकडेही असतो.

आपल्या देशातलं उदाहरण तर अगदी ताजं आहे. मे २०२४ मध्ये दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या केंद्रावर ५२.९ अंश दिसले आणि देशाचा विक्रम मोडल्याच्या बातम्या झळकल्या. काही दिवसांतच तपासणीत सेन्सर ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. त्यामुळे राजस्थानातल्या फलोदीचे २०१६ मधले ५१ अंश कायम राहिले. अझिझियाच्या चुकीला ९० वर्षं लागली, मुंगेशपूरची चूक आठवड्याभरात सापडली. मात्र तेवढ्यात चालू घडामोडींच्या कित्येक पीडीएफमध्ये ५२.९ छापून गेलं होतं.

पावसाचा प्रश्न तर मुळातच अर्धवट विचारला जातो. वार्षिक सरासरीत मौसिनराम पुढे आहे, साधारण ११,८७० मिलिमीटर. सलग बारा महिन्यांच्या पावसात चेरापुंजीची ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ मधली २६,४६१ मिलिमीटरची नोंद अजून अबाधित आहे. एका दिवसाचा विक्रम हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचा, जानेवारी १९६६ मधला, १,८२५ मिलिमीटर. महाबळेश्वरच्या वर्षभराच्या पावसाचा जवळपास तिसरा हिस्सा तिथे २४ तासांत पडला. आणि चिलीतल्या अरिका शहराने १९०३ ते १९१८ या काळात सलग १४ वर्षांहून अधिक काळ पाऊसच पाहिला नाही.

आपल्या भागात मोजमापाचा प्रश्न परीक्षेपुरता राहत नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी धरतात आणि नुकसानभरपाईचा हिशोब तिथून सुरू होतो. मंडळात गावं अनेक, पर्जन्यमापक बहुतेक ठिकाणी एकच. माण, जत, आटपाडीकडे वळवाचा पाऊस एका शिवारात कोसळतो आणि दोन मैलांवर धूळ उडत असते. तासगावच्या द्राक्षबागायतदाराचा हवामानावर आधारित फळपीक विमाही अशाच केंद्रावरच्या आकड्यावर ठरतो. ते केंद्र झाडाखाली किंवा भिंतीला लागून बसवलं असेल, तर बागेत साचलेलं पाणी कागदावर येत नाही आणि भरपाईच्या यादीतून अख्खं गाव वगळलं जातं.