टूलचं वर्णन कसं लिहावं: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"एजंट चुकीचं सांगतोय, जोडणी तपासा," असा फोन आम्हाला वरचेवर येतो. एजंट म्हणजे सर्व्हरविषयीच्या प्रश्नांना उत्तर देणारा एआय सहायक, आणि टूल म्हणजे ज्यातून तो माहिती आणतो ते जोडलेलं साधन. तपासायला गेलं की जोडणी बहुतेक वेळा ठीकच असते. बीएमसी (सर्व्हरच्या हार्डवेअरवर लक्ष ठेवणारा छोटा कंट्रोलर) उत्तर देत असतो, रेडफिशचा (त्याच्याशी बोलण्याच्या प्रमाणित पद्धतीचा) पत्ता बरोबर असतो, लॉगिन चालत असतं. गडबड असते टूलच्या वर्णनात.

एजंटला तुमचा कोड दिसत नाही. एमसीपीने (एजंटला टूल जोडण्याच्या प्रमाणित पद्धतीने) टूल जोडलं की त्याच्यासमोर मुख्यतः टूलचं नाव, वर्णन आणि काय इनपुट द्यायचं याचा आराखडा येतो. कोणतं टूल उचलायचं आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे तो त्यावरूनच ठरवतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारं वर्णन म्हणजे "सर्व्हरचं स्टेटस देतं". स्टेटस कशाचं? रेडफिशमध्ये पॉवरस्टेट 'ऑन' असेल तर मशीनची वीज चालू आहे, एवढंच कळतं. लिनक्स अडकलेलं असो की डेटाबेस झोपलेला असो, तिथे 'ऑन'च दिसणार. हेल्थ 'ओके' म्हणजे हार्डवेअरची तक्रार नाही. बीएमसी हा मदरबोर्डवरचा वेगळा कंट्रोलर आहे. ऑपरेटिंग सिस्टिम बंद पडली तरी तो चालू राहतो, त्यासाठीच तो बसवलेला असतो. आता रात्रपाळीच्या माणसाने विचारलं, "बिलिंगचा सर्व्हर चालू आहे का?" एजंट म्हणतो, "हो, चालू आहे, हेल्थ ओके." टूलने दिलेली माहिती खरी आहे, पण तो माणूस आता नेटवर्कमधला दोष शोधत बसतो आणि अडकलेल्या सर्व्हरकडे कोणी पाहत नाही.

त्याऐवजी असं लिहा:

"सर्व्हरच्या हार्डवेअरची स्थिती बीएमसीकडून रेडफिशने वाचतं. पॉवर चालू की बंद, आणि हेल्थ ओके, वॉर्निंग की क्रिटिकल, एवढंच मिळतं. ऑपरेटिंग सिस्टिम किंवा अ‍ॅप्लिकेशन चालू आहे का हे यातून कळत नाही, त्यासाठी 'ओएस तपासणी' हे टूल वापरा. बीएमसीकडून उत्तर आलं नाही तर सर्व्हर बंद आहे असं समजू नका."

शेवटचं वाक्य कृपया गाळू नका. बीएमसीचा नेटवर्क पोर्ट बऱ्याचदा वेगळा असतो. त्याची केबल निघाली की टूल गप्प होतं आणि सर्व्हर मात्र आपलं काम करत असतो.

माहिती कुठून येते, त्यातून काय कळत नाही, आणि रिकामं उत्तर आलं तर काय समजायचं, या गोष्टी प्रत्येक टूलला लागतात. "तापमान देतं" एवढं लिहिलं तर एजंट आत येणाऱ्या हवेचं आणि प्रोसेसरचं तापमान एकाच मापाने मोजतो. अ‍ॅश्रे या वातानुकूलन क्षेत्रातल्या संस्थेची १८ ते २७ अंश सेल्सिअसची शिफारस आत येणाऱ्या हवेसाठी आहे. कामाखाली असलेला प्रोसेसर ७० अंशांवर दिसला तर त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. मेमरीच्या स्लॉटवर 'अ‍ॅब्सेंट' आलं तर स्लॉट रिकामा आहे, बिघडलेला नाही. डेलच्या मशीनवर वॉरंटीसाठी लागणारा सर्व्हिस टॅग रेडफिशच्या 'एसकेयू' या रकान्यात असतो. 'सिरियल नंबर'मध्ये वेगळाच क्रमांक मिळतो. लॉगची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर तेही लिहा, नाहीतर साडेपाच तासांच्या फरकाने भलतीच घटना जबाबदार ठरते.

"एवढं लांब वर्णन कशाला, टोकन जातात," असं काही ग्राहक म्हणतात. टोकन म्हणजे एजंट मजकूर वाचतो ते छोटे तुकडे, आणि ते जातात हे खरं आहे. म्हणूनच आम्ही वर्णनं तोडण्याऐवजी टूलांची संख्या कमी ठेवतो. एकसारख्या दिसणाऱ्या वीस टूलांपेक्षा नीट वर्णन केलेली पाच-सहा टूलं एजंटला लवकर समजतात.

रीस्टार्टचं टूल आम्ही मागितल्याशिवाय देत नाही, यावरही नाराजी असते. कारण सोपं आहे: 'ग्रेसफुल शटडाउन' ऑपरेटिंग सिस्टिमला आवरायला वेळ देतं, 'फोर्सऑफ' थेट वीज तोडतं, आणि एजंटची निवड चुकली तर चालू काम तुटतं. आणि वर्णनात "फक्त वाचण्यासाठी" लिहिल्याने कुलूप लागत नाही. त्यासाठी बीएमसीवर 'रीडओन्ली' भूमिकेचा वेगळा युजर हवा. तो आम्ही प्रत्येक जोडणीत बनवून देतो.

वर्णन लिहून देणं आमच्या जोडणीच्या दरातच धरलेलं आहे. तुमच्या रात्रपाळीचे लोक खरोखर विचारतात ते प्रश्न आम्हाला द्या, त्यांच्याच शब्दांत. आम्ही त्याच प्रश्नांवर एजंट तपासून मग काम सोपवतो. वर्णनं तुम्ही आधीच लिहिली असतील तर तीही तपासून देऊ, सर्व्हर आमच्याकडून घेतलेले नसले तरी चालेल. तक्रार कळवताना मात्र विचारलेला प्रश्न, आलेलं उत्तर आणि त्या टूलचं वर्णन एकत्र पाठवा. फक्त स्क्रीनशॉट आला तर वर्णन मागायला आम्हाला परत फोन करावा लागतो, आणि तेवढा वेळ तुमचाच जातो.