जिवाची किंमत (किशोर डिस्टोपियन कादंबरीतली)

साधारण १२ ते १८ वयाच्या वाचकांसाठी लिहिलेल्या डिस्टोपियन, म्हणजे भयाण, जुलमी समाज रंगवणाऱ्या कादंबऱ्यांमधला हा एक गट, ज्यात कुणी जगायचं आणि कुणी नाही हे कायदाच ठरवून देतो. वेगळं नाव त्याला नाही, सगळं यंग अ‍ॅडल्ट डिस्टोपिया याच खणात जातं.

मुळात 'डिस्टोपिया' हा शब्द कधीचा यावरच बराच घोळ आहे. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात आयर्लंडवर बोलताना तो पहिल्यांदा वापरला असं कोशांमधून वर्षानुवर्षं छापलं गेलं, आणि त्याच दमात त्याने 'कॅकोटोपिया'वरून (म्हणजे वाईट जागा) केलेला शब्दही घेतला, जो तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमचा म्हणजे १८१७-१८ च्या सुमाराचा. नंतर १७४७ ची एक कविता पुढे आली, तिच्यात 'डस्टोपिया' असं स्पेलिंग आहे. त्यामुळे शब्दाचा जन्म १७४७ चा धरायला हरकत नाही, पण आजच्या राजकीय अर्थाकडे मिलचाच वापर जास्त जवळचा वाटतो.

किशोर शाखेची सुरुवात बहुतेक जण लोइस लाउरीच्या 'द गिव्हर'पासून (१९९३, पुढच्या वर्षी न्यूबेरी मेडल हा अमेरिकेतला बालसाहित्याचा पुरस्कार) मोजतात. विल्यम स्लेटरची 'हाउस ऑफ स्टेअर्स' १९७४ ची आहे, म्हणून ही मोजणी सैलच म्हणायची, पण जिवाच्या किमतीपुरतं बोलायचं तर 'द गिव्हर'लाच मान द्यावा लागतो. तिथे जुळ्यांपैकी ज्याचं वजन कमी भरतं ते बाळ 'रिलीज' होतं, आणि रिलीज म्हणजे काय हे नायकाला कळतं ते बापाच्या हातातली सुई बघून.

या गटाची खरी खूण म्हणजे असे सोज्वळ शब्द. मार्गारेट पीटरसन हॅडिक्सच्या 'अमंग द हिडन'मध्ये (१९९८) तिसरं मूल बेकायदेशीर असतं. जेमा मॅलीच्या 'द डिक्लरेशन'मध्ये (२००७) म्हातारपण थांबवणारी गोळी आलीय म्हणून नवीन मुलं 'सरप्लस', म्हणजे जादा. नील शुस्टरमनच्या 'अनवाइंड'मध्ये (२००७) गर्भपातावरून झालेल्या यादवीनंतर तह होतो की १३ वर्षांपर्यंत जिवाला हात लावायचा नाही, पण १३ ते १८ मध्ये आईबापांनी सही केली तर मुलाचे अवयव वाटून टाकायचे. शरीराचा ९९.४४ टक्के भाग दुसऱ्यांत जिवंत राहतो, म्हणजे कागदोपत्री कुणी मेलंच नाही! एका मुलाला असं वाटून टाकतानाचं प्रकरण आहे, कायद्याप्रमाणे तो शेवटपर्यंत शुद्धीवर असतो आणि डॉक्टर त्याच्याशी गप्पा मारत असतात. एकही भयानक शब्द नाही, आणि तेच भयानक.

शेतीचे शब्द तर फारच. 'अनवाइंड'मधल्या छावण्या 'हार्वेस्ट कॅम्प', सुझान कॉलिन्सच्या 'हंगर गेम्स'मधली (२००८), मरेपर्यंत लढायला मुलं निवडणारी सोडत 'रीपिंग' म्हणजे कापणी, आणि शुस्टरमनच्याच 'साइद'मध्ये (२०१६) मृत्यूवर मात केलेल्या जगात लोकसंख्या आटोक्यात ठेवायला माणसं मारतात त्याला 'ग्लीनिंग', म्हणजे आपल्याकडचं सरवा वेचणं. हे मारायचं काम नेमून दिलेल्या प्रत्येकाला वर्षाला २६० जणांचा कोटा असतो. 'हंगर गेम्स'मध्ये तर सरळ भाव लावलाय: गरिबाघरच्या पोराने एका माणसाचं वर्षभराचं धान्य-तेल घेतलं की सोडतीत त्याच्या नावाची एक चिठ्ठी वाढते, १६ वर्षांच्या नायिकेच्या, कॅटनिसच्या २० आणि तिचा मित्र गेलच्या ४२. सोडत सगळ्यांना सारखी हे म्हणायला बरं.

'हंगर गेम्स'वर कौशुन ताकामीच्या 'बॅटल रॉयल'ची (१९९९) छाप आहे का हा वाद जुनाच, त्यात ४२ विद्यार्थ्यांना बेटावर सोडून एकमेकांना मारायला लावतात. सुझान कॉलिन्स म्हणते की आपलं पुस्तक प्रकाशकाकडे देऊन होईपर्यंत तिने त्याचं नावही ऐकलं नव्हतं आणि कल्पनेचं मूळ थिसियसच्या ग्रीक कथेत आहे, जिच्यात अथेन्सची तरुण मुलं राक्षसापुढे बळी म्हणून पाठवतात. दोन्हींत मांडणी सारखी दिसते खरी, पण धान्याच्या बदल्यात चिठ्ठी ही कल्पना जपानी पुस्तकात नाही, त्यामुळे कॉलिन्सचं म्हणणं मानायला जागा आहे.

भारतात याच्या जवळ जाणारं म्हणजे मंजुळा पद्मनाभन यांचं 'हार्वेस्ट' हे इंग्रजी नाटक (१९९७ चं ओनासिस पारितोषिक). किशोरांसाठीचं नाही, पण मुंबईतल्या एका चाळवजा खोलीत घडतं, नोकरी गेलेला तरुण आपले अवयव परदेशी गिऱ्हाइकाला लिहून देतो. अवयवांच्या खरेदी-विक्रीला बंदी घालणारा कायदा त्याआधीच, १९९४ मध्ये झाला होता आणि तो करायला संसदेला सांगणारे ठराव पहिल्यांदा केले ते गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांनी.