अमेरिकेहून येताना विमान लवकर का पोचतं?

सांगली-मिरजेतल्या ज्या घरांतली मुलं अमेरिकेत आहेत, तिथल्या आजी-आजोबांना एक हिशेब तोंडपाठ असतो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना साधारण सोळा तास, येताना चौदा-साडेचौदा. अंतर मात्र तेच, जवळपास १२,५०० किलोमीटर. यावरच एक फॉरवर्ड फिरतो: पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना, मग पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे अमेरिका आपणहून यायला हवी. तरी उशीर होतो, म्हणजे पृथ्वी फिरतच नाही! खाली नमस्काराचे हात आणि शंभर लाइक.

धावपट्टीवर उभं असलेलं विमानही पृथ्वीबरोबर फिरतच असतं. सांगली सुमारे १७ अंश उत्तरेला आहे. इथल्या जमिनीचा पूर्वेकडचा वेग ताशी १,६०० किलोमीटरच्या आसपास. कृष्णेचं पाणी, मार्केट यार्डातली हळदीची पोती, वरची हवा, सगळंच त्या वेगाने चाललंय. विमान उडालं म्हणून तो वेग गळून पडत नाही. प्रश्न उरतो तो हवा जमिनीच्याही पुढे धावते का, एवढाच.

धावते. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, नागमोडी झोत वाहतात. हेच जेट स्ट्रीम. अमेरिकेहून येताना ते विमानाच्या पाठीशी असतात, जाताना समोरून येतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या सहज पुढे जातो. जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले आणि अहवाल छापला एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत! बाहेर तो फारसा कुणी वाचला नाही.

आता यातली खरी गंमत. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर चढते आणि उंचावरून उत्तरेकडे सरकते. समजा, सांगलीवरची अशी हवा ३० अंशांवर, दिल्लीच्या थोडी पुढे, पोचली. तिचा वेग १,६००, तिथल्या जमिनीचा मात्र १,४५०. म्हणजे दीडशेची आघाडी झालीच. शिवाय उत्तरेला जाताना ती पृथ्वीच्या अक्षाजवळ येते. फुगडीत हात आखडले की गरका वाढतो, तसंच. वेग आणि अक्षापासूनचं अंतर यांचा गुणाकार कायम राहायला हवा. सांगलीत हे अंतर ६,१०० किलोमीटर, ३० अंशांवर ५,५२०. म्हणून हवेचा वेग होतो सुमारे १,७७०, जमिनीपेक्षा ३२० जास्त! घर्षण आणि हवेतले भोवरे यात बरीच काटछाट करतात, पण झोत उरतोच. याच्याही उत्तरेला ध्रुवीय झोत असतो. तो उष्ण आणि थंड हवेच्या सीमेवर तयार होतो. त्याचं गणित आणखी किचकट आहे, आणि अटलांटिकवर विमानांना बहुधा तोच भेटतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किलोमीटरवर गेला, तेव्हा 'आवाजापेक्षा वेगवान' असे मथळे झळकले. भोवतालच्या हवेच्या हिशेबाने ते विमान आवाजाच्या मागेच होतं. पंखांना तोच हिशेब कळतो.

एअर इंडियाने २०१६ मध्ये दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे पूर्वेकडून न्यायला सुरुवात केली. अंतर १३,९०० वरून १५,३०० किलोमीटर झालं. तरी पाठीशी वारा असल्याने विमान साडेचौदा तासांत, पूर्वीपेक्षा लवकर, पोचू लागलं.