परगावची सावली

एप्रिलचा मध्य होता. सुट्टी नुकतीच लागली होती आणि माझ्या सातवीतल्या भाचीने पुण्यातल्या आमच्या गच्चीवर सूर्यघड्याळ मांडलं होतं. जाड पुठ्ठ्याची तबकडी, तिच्यावर उभा चिकटवलेला त्रिकोण, आणि कोनमापक लावून दर 15 अंशांवर ओढलेली एकेक रेघ. हिशेब साधा होता. सूर्य 24 तासांत 360 अंश फिरतो असं दिसतं, म्हणजे तासाला 15. माझ्या मनगटावर तीन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती आणि सावली दाखवत होती एक वाजून दहा.

‘‘मावशी, सूर्य चुकतोय का गं?’’ तिने अगदी गंभीरपणे विचारलं.

त्रिकोण मात्र तिने नेमका कापला होता. त्याची तिरकी कड जमिनीशी साडेअठरा अंशांचा कोन करत होती आणि तिचं वरचं टोक उत्तरेला होतं. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, त्यामुळे पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजाच्या साधारण तेवढाच वर दिसतो. कड तिकडे रोखली की ती पृथ्वीच्या अक्षाला समांतर होते. मग उन्हाळा असो की हिवाळा, सूर्याचे तीन वाजले की सावली त्याच रेघेवर येते. जमिनीत सरळ उभ्या रोवलेल्या काठीची सावली असं करत नाही, ती ऋतूप्रमाणे जागा बदलते.

चुकल्या होत्या त्या रेघा. सूर्य तासाला 15 अंश सरकतो हे खरं, पण तो सरकतो पृथ्वीच्या अक्षाभोवती, आणि आपली तबकडी असते जमिनीवर आडवी. तिच्यावर सावली तिरकी पडते, म्हणून दुपारच्या रेघा एकमेकींना खेटून येतात आणि सकाळ-संध्याकाळच्या लांब पळतात. पुण्यात बारा ते एक या तासाला जेमतेम 5 अंश जागा लागते, तर संध्याकाळी पाच ते सहाला तब्बल 40! रेघेचा कोन काढायचा तर मध्यान्हापासूनच्या तासांना 15 ने गुणायचं, त्या कोनाचा टॅन घ्यायचा आणि त्याला अक्षांशाच्या साइनने गुणायचं. जे उत्तर येईल तो रेघेच्या कोनाचा टॅन. तीनची रेघ येते साडेसतरा अंशांवर. भाचीच्या तबकडीवर तिथे एक वाजून दहा मिनिटं होत होती.

रेघा सारख्या अंतरावरच हव्या असतील तर तबकडीच तिरकी करावी लागते, कडेला काटकोनात. सवाई जयसिंहांनी जयपूरला बांधलेल्या सम्राट यंत्रात हेच केलंय. सुमारे 27 मीटर उंचीची तिरकी भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंना संगमरवराच्या वक्र पट्ट्या. त्यांवरून सावली सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर सरकते. तिथे दोन मिनिटं उभं राहावं, सावली चालताना डोळ्यांना दिसते. वेळ इतक्या उघडपणे जाताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

भाचीने रेघा नव्याने ओढल्या. आता फरक उरला फक्त 35 मिनिटांचा, आणि ती चूक नव्हतीच. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावरची आहे आणि पुणे त्याच्या पश्चिमेला पावणेनऊ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरा. मुंबईत हा फरक 39 मिनिटं होतो. देशात प्रमाणवेळ आली 1906 साली, तरी मुंबईने आपली ‘बॉम्बे टाइम’ 1955 पर्यंत सोडली नव्हती. ती वेळ मुंबईच्या माथ्यावरच्या सूर्याची होती.

ही 35 मिनिटंही वर्षभर तेवढीच राहत नाहीत. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि वेगाने पळते. शिवाय तिचा अक्ष कललेला. दोन्ही मिळून सूर्य नोव्हेंबरच्या सुरुवातीला 16 मिनिटं पुढे जातो आणि फेब्रुवारीच्या मध्याला 14 मिनिटं मागे पडतो. म्हणजे पुण्यातलं अगदी बिनचूक सूर्यघड्याळ नोव्हेंबरात 18-19 मिनिटं मागे दिसेल आणि फेब्रुवारीत 49!

या विषयातली एक जुनी गंमत रोमची आहे. प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाने ती लिहून ठेवली आहे. इ.स.पूर्व 263 मध्ये रोमन सेनापती मेसाला याने सिसिलीतल्या कटानियाहून लुटीबरोबर एक सूर्यघड्याळ आणलं आणि भर चौकात खांबावर बसवलं. कटानियाचा अक्षांश साडेसदतीस, रोमचा जवळपास 42. पुण्यात आखलेलं घड्याळ भोपाळला नेऊन ठेवावं, तसंच हे. रेघा जुळत नव्हत्या, तरी रोम 99 वर्षं त्याच घड्याळावर चाललं. मग रोमसाठी आखलेलं नवं घड्याळ शेजारी बसवलं गेलं. तेव्हाचा तास म्हणजे दिवसाच्या उजेडाचा बारावा हिस्सा, उन्हाळ्यात सव्वा तासाएवढा लांब आणि थंडीत पाऊण तासाचा. अशा लवचीक तासात काही मिनिटांची चूक कोणाला खुपली नसावी.

परगावचं घड्याळ दुरुस्तही करता येतं, आणि रेघांना हात न लावता. सगळी तबकडी एवढीच कलवायची की कड पुन्हा ध्रुवाकडे रोखली जाईल. भाचीने दिवाळीत ते करून पाहिलं. तबकडी एव्हाना फूटभर लांबीच्या प्लायवर चिकटवलेली होती आणि ती घेऊन ती नागपूरला आजोळी गेली. नागपूरचा अक्षांश एकवीसच्या थोडा वर, म्हणून तिने प्लायच्या उत्तरेकडच्या कडेखाली साधारण दीड सेंटिमीटरची पाचर सरकवली. नागपूरचा सूर्य प्रमाणवेळेच्या 14 मिनिटंच मागे, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो 16 मिनिटं पुढे असतो. संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला, रेघा मोकळ्या असतात तेव्हा, तिने नीट वाकून पाहिलं आणि तिथूनच मला फोन लावला. पुण्यात बारा महिने मागे राहणारं तिचं घड्याळ दोन-तीन मिनिटं पुढे होतं.