ऑस्टेन्सिबली

ऑस्टेन्सिबली : एखाद्या कृतीसाठी उघडपणे पुढे केलेला हेतू सांगणारे इंग्रजी क्रियाविशेषण. मराठीत 'वरकरणी' हा सर्वांत जवळचा शब्द.

लॅटिन 'ओस्टेंडेरे' (दाखविणे) हे याचे मूळ. 'ओब्स' (समोर) हा उपसर्ग व 'टेंडेरे' (ताणणे) हे क्रियापद यांच्या संधीत 'ब' गळाला. समोर ताणून धरणे म्हणजे दाखविणे, असा हा अर्थविकास. 'टेंडेरे'चे संस्कृत 'तन्' धातूशी (तनोति, तंतु) नाते सर्वमान्य आहे; वाद आहे तो त्यातील 'द'चा. काहींच्या मते तो धातूला पुढे जोडलेला प्रत्यय, तर काहींच्या मते जुन्या द्विरुक्त (धातूचा आरंभ दोनदा उच्चारलेल्या) रूपाचा अवशेष. दुसऱ्या मतासाठी वर्णविपर्यय (वर्णांची अदलाबदल) गृहीत धरावा लागतो, म्हणून पहिले अधिक सरळ वाटते.

'ऑस्टेन्सिबल' हे विशेषण फ्रेंचमार्गे इंग्रजीत रुळले ते बहुधा अठराव्या शतकात. तेव्हा त्यात संशयाची छटा नव्हती. तिसऱ्याला दाखविता यावे अशा बेताने लिहिलेले पत्र ते 'ऑस्टेन्सिबल' पत्र. अर्थात असे पत्र लिहिणाऱ्याच्या मनात दुसरेही काही असणार. आजचा अर्थ याच वाटेने आला असावा.

'अपॅरंटली' ऐकीव माहितीलाही चालते, 'सीमिंगली' केवळ भासाला. 'ऑस्टेन्सिबली'ला मात्र कारण पुढे करणारा कोणीतरी लागतो. आभाळ भरून आले तर तेथे हा शब्द बसत नाही. 1848 मध्ये दत्तक नामंजूर करून सातारचे राज्य खालसा झाले, ते ऑस्टेन्सिबली औरस वारस नाही म्हणून, असे म्हणता येते. 'सकृद्दर्शनी' हा प्रतिशब्द टाळावा. तो 'प्रायमा फेसी'चा (प्रथमदर्शनी) असून त्यात दिखाव्याचा आरोप नाही.

भारतीय कायद्यात विशेषण अधिक महत्त्वाचे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 41 मध्ये 'ऑस्टेन्सिबल ओनर' येतो. खऱ्या मालकाच्या स्पष्ट किंवा गर्भित संमतीने जो मालक म्हणून वावरतो, त्याने मोबदला घेऊन केलेली विक्री केवळ त्याला अधिकार नव्हता म्हणून रद्द ठरविता येत नाही. मात्र खरेदीदाराने वाजवी चौकशी केलेली हवी आणि व्यवहार सद्भावाने झालेला हवा. सातबाऱ्यावर नाव दिसले एवढ्याने भागत नाही. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायसंस्था) हेच तत्त्व रामकुमार कुंडू विरुद्ध मॅक्वीन (1872) या खटल्यात मांडले होते. 1988 च्या बेनामी व्यवहारविषयक कायद्यानंतर या कलमाची व्याप्ती बरीच आक्रसली, असे मानले जाते.