द्राक्षाच्या एका किलोचा हिशेब

न्हावा शेवाहून रीफर म्हणजे माल गार ठेवणाऱ्या कंटेनरमधून निघालेली नाशिकची द्राक्षं रॉटरडॅमला उतरतात आणि तिथल्या दुकानात डच काचगृहातल्या टोमॅटोशेजारी जाऊन बसतात. पर्यावरणावर जास्त भार कुणाचा? अंतर बघून बहुतेक जण द्राक्षाकडे बोट दाखवतील. पण जहाजातून एक टन गार माल एक किलोमीटर नेला तर साधारण 20 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड पडतो, विमानाने एक किलोहून जास्त. सुएझमार्गे सुमारे 12 हजार किलोमीटर धरले, तरी किलोभर द्राक्षामागे हा आकडा पाव किलोच्या आत राहतो. (लासलगावला विकिरण म्हणजे किरणांचा मारा करून विमानाने अमेरिकेला जाणाऱ्या हापूसचं गणित अर्थातच वेगळं.) 2023च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि बागेत काहीही न बदलता हा आकडा वाढला.

टोमॅटोचा हिशेब तर आणखी गुंत्याचा. अनेक डच उत्पादक नैसर्गिक वायू जाळून काचगृह गरम ठेवतात, त्यातूनच वीज तयार करून ग्रीडला विकतात आणि धुरातला कार्बन डायऑक्साइड झाडांना देतात. मग जळलेल्या वायूचा किती भार टोमॅटोवर टाकायचा आणि किती विजेवर? वाटणीची पद्धत बदलली की त्याच टोमॅटोचा आकडा बदलतो, आणि दोन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात.

हाच प्रश्न द्राक्षबागेतही आहे. समजा, 10 टन मालातला 6 टन निर्यातीला 80 रुपये किलोने गेला आणि 4 टन स्थानिक बाजारात 30 रुपयांनी. वजनाने वाटलं तर निर्यातीच्या मालावर 60 टक्के भार येतो, किमतीने वाटलं तर 80 टक्के. शिवाय वेल लावल्यापासून पहिलं पीक येईपर्यंतचा काळ, मंडपाचं लोखंड आणि तारा, उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर फळाविना जाणारे महिने हे सगळं कुणाच्या खात्यावर? बागेच्या पूर्ण आयुष्यावर ते पसरायला हवं. एकाच चांगल्या हंगामाचा हिशेब मांडणारा अहवाल मला तरी अर्धवट वाटतो.

शेतातला मोठा भार बऱ्याचदा डोळ्यांना दिसतच नाही. 100 किलो नत्र दिलं, तर आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय शास्त्रीय समितीच्या 2006च्या ढोबळ दराप्रमाणे त्यातलं 1 टक्का नत्र थेट नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं. ऑक्सिजनचं वजन धरून म्हणजे दीड किलोच्या वर वायू. पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट तापवतो, म्हणून परिणाम 430 किलोंच्या घरात जातो. 2019च्या सुधारणेत कोरड्या आणि ओल्या हवामानासाठी वेगळे दर आले. एकाने जुना दर धरला आणि दुसऱ्याने नवा, तर त्या दोघांची तुलनाच होत नाही.

पाण्याचे नुसते लिटर मोजूनही भागत नाही. ‘अवेअर’ या पद्धतीत प्रत्येक खोऱ्यातल्या टंचाईनुसार लिटरला 0.1 ते 100 असं वजन मिळतं. दुष्काळी माण तालुक्यातला लिटर आणि कोकणातला लिटर एका भावाने धरणं चुकीचंच.

म्हणून नियम आधी ठरवावे लागतात: हिशेब बागेच्या फाटकापाशी थांबवायचा की ताटापर्यंत न्यायचा, वाटेत सडलेला माल कुठे धरायचा, वाटणी कशी करायची. युरोपियन युनियनच्या पद्धतीत हवामानबदलासह 16 प्रकारचे परिणाम मोजतात. तिच्याच धर्तीवर वाखेनिंगन विद्यापीठाने आणि डच उद्योगसंस्थांनी 2020 मध्ये फळं, भाज्या आणि फुलांसाठी खास नियमावली तयार केली.

नियम आले की नोंदी लागतात. युरोपला जाणाऱ्या द्राक्षासाठी अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ‘ग्रेपनेट’ या ऑनलाइन प्रणालीवर प्लॉटची नोंदणी होते. मात्र ती व्यवस्था मुख्यतः कीटकनाशकांच्या अंशासाठी उभी राहिली. पंपाची वीज, ट्रॅक्टरचं डिझेल, ठिबकमधून दिलेलं नत्र याच्या नोंदी नसतील, तर हिशेब करणारा सरासरी आकडे भरतो. मग माती परीक्षण करून मोजकं खत देणाऱ्या बागायतदाराच्या आणि डोळे मिटून गोणी ओतणाऱ्याच्या द्राक्षावर एकच आकडा पडतो.